रिठ्याचं पाणी

“भीती चावण्याची वाटते का भुंकण्याची?” सुभेदारांनी मला फाटकातच विचारलं.

“दोन्हींची,” मी म्हटलं.

“मग चालेल. नुसत्या चावण्याला भिणारी माणसं वाईट. ती गोड बोलता बोलता काठी उचलतात.” त्यांनी फाटकाची कडी काढली. “या ताई. सतरा वर्षांत इथं कुणी कुणाला चावलेलं नाही. एकदा मीच एका मेजरला चावणार होतो, पण तेवढ्यात त्याची बदली झाली.”

माझ्या मागे हे उभे होते, हातात पत्र्याची ट्रंक घेऊन. ते हसले. आवाज न करता, नुसते ओठ हलवून, पण हसले. ते बघितलं आणि मी पदर खोचून आत पाऊल टाकलं. समोर पत्र्याच्या लांब छपराखाली जाळीच्या दारांच्या अकरा खोल्या होत्या आणि अकराही खोल्यांतून कुत्री जीव खाऊन भुंकत होती.

देवळाली कॅम्पातून भगूरकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता आत जायचा, त्याच्या टोकाला ही जागा. फाटकावर पाटी होती, ‘श्वान-निवास. सुभेदार आर. के. धोंगडे (निवृत्त)’. आसपासचे लोक मात्र कुत्र्यांचं लॉजिंग-बोर्डिंग म्हणायचे. कॅम्पातले लष्करी अधिकारी सुट्टीवर जाताना, नाशिकचे डॉक्टर-वकील यात्रेला निघताना आपलं कुत्रं इथं ठेवून जात आणि परत आल्यावर घेऊन जात. सुभेदारांची सगळी नोकरी फौजेच्या कुत्र्यांबरोबर झालेली. आता बायको वारली होती, गुडघे धरले होते आणि सटाण्याची मुलगी बोलावत होती. चालता धंदा विकायचा होता, पण त्यांची एक अट होती. घेणाऱ्यानं आधी आठ दिवस बायकोसकट इथं राहायचं. “जागा तुम्ही पसंत कराल, त्याचं काय. कुत्र्यांनी तुम्हाला पसंत केलं पाहिजे,” असं त्यांनी ह्यांना सांगितलं होतं.

शहाऐंशी सालचा जानेवारी होता. मी एक्केचाळीस वर्षांची होते, हे सत्तेचाळीसचे. आमची रेवती जाऊन दोन वर्षं झाली होती. नऊ वर्षांची होती. मेंदूज्वर झाला आणि तीन दिवसांत गेली.

त्यानंतर ह्यांनी बोलणं सोडलं असं मी म्हणणार नाही. मीठ दे, पंखा बंद कर, दूध आलं का, एवढं ते बोलायचे. फॅक्टरीत जायचे, यायचे. माझ्याकडे बघायचे ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं तसं. मला वाटायचं, पुरुषाचं दुःख असंच असेल. आपण वाट बघावी.

मग आमचे शेजारी सोनकुळ तिरुपतीहून आले आणि आपलं कुत्रं आणायला जाताना ह्यांना सोबत घेऊन गेले. कुत्र्यानं सोनकुळांना बघून फाटकावर झेप घेतली, ती ह्यांनी पाहिली. त्यानंतर तीन रविवार हे एकटेच बसनं इकडं येत होते. मला पत्ता नव्हता. चौथ्या रविवारी जेवता जेवता म्हणाले, “सुभेदार ती जागा विकतायत. आपण घ्यावी असं वाटतं.”

माझ्या हातातली पळी आमटीतच राहिली. दोन वर्षांत ‘वाटतं’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नव्हता.

माझ्या भावानं मला वेड्यात काढलं. “नोकरी सोडून, राहती जागा विकून कुत्री सांभाळणार? कुलथे सराफांचं घराणं आणि कुत्र्यांचं लॉजिंग?” मी म्हटलं, “दादा, ते म्हणाले असते साप सांभाळू, तरी मी टोपल्या विणल्या असत्या.” कुत्र्याच्या नुसत्या नखांचा फरशीवर आवाज आला तरी दार लावून घेणारी बाई मी. पण हे बोलले होते. ती जागा आम्हाला मिळायलाच हवी होती.

पहिल्या दुपारी सुभेदार ह्यांना एकेक खोली दाखवायला घेऊन गेले आणि मी चुलीपाशी गेले. कुत्र्यांना बाजरीच्या जाड भाकऱ्या लागायच्या, रोज तीस. ते काम मला येत होतं. भाकऱ्या थापता थापता लांबून मला ह्यांचा आवाज ऐकू येत होता. ते प्रश्न विचारत होते. काय विचारत होते ते कळत नव्हतं, पण वाक्याच्या शेवटी आवाज वर जायचा, त्यावरून कळायचं.

संध्याकाळी पाच वाजता जेवणं. सुभेदारांचा नियम होता की जो सर्वांत आधी आला, त्याला पहिलं ताट. पहिलं ताट मुकादमाचं.

“हे काय नाव झालं?” मी विचारलं.

“त्याच्या मालकानं ठेवलंय. गायधनी म्हणून रेल्वेतले ओव्हरसियर होते, नाशिकरोडचे. म्हणायचे, हा स्वतः काही करत नाही, दुसरे काम करत असले की समोर बसून देखरेख करतो.”

आणि खरंच, मी ताटल्या मांडत होते तर तो जाळीमागे पुढचे पाय नीट जुळवून बसला होता आणि माझ्या हातांकडे बघत होता. तांबूस रंगाचा, एक कान मोडलेला, तोंडाभोवती पांढरा झालेला म्हातारा कुत्रा. तो भुंकत नव्हता. त्याच्या पायाशी एक राखाडी स्वेटर चुरगळून पडला होता.

“गायधनी ऑपरेशनला मुंबईला गेले ऑगस्टात,” सुभेदार हळू आवाजात म्हणाले, जणू मुकादमानं ऐकायला नको. “पंधरा दिवसांनी येतो म्हणाले. तिकडेच गेले. मुलगा एकदा येऊन सांगून गेला. कुत्रा न्यायचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. मुकादमाला कोण सांगणार? खातोय, पितोय, वाट बघतोय. बघू दे.”

ह्यांनी मुकादमाचं ताट माझ्या हातातून घेतलं आणि ते आत जाऊन त्याच्याजवळ जमिनीवर बसले. मी बाकीच्यांची ताटं वाढून आले तरी तिथंच होते. कुत्र्याच्या पाठीवर हात होता आणि म्हणत होते, “येतील हं. येतील.”

मी परत फिरले. चुलीसमोर बसून धुराचं निमित्त करून डोळे पुसले. वाईट वाटलं म्हणून नाही. आनंदानं.

ते पहिले चार दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे आजही सांगते. हे पहाटे उठून कुत्र्यांना माळावर फिरवून आणायचे. गालावर थंडीची लाली घेऊन यायचे आणि चहा पिताना सांगायचे, त्या डॉक्टरणीच्या पामेरियननं आज शेळीवर डरकाळी फोडली, तो कॅप्टनचा लॅब्रॅडॉर ओढ्यात बसून राहिला, निघेना. रोज कुणी ना कुणी आपलं कुत्रं न्यायला यायचं. मोटारीचा आवाज आला की हे हातातलं काम टाकून फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. कुत्रं धावत सुटायचं, माणसं खाली बसून त्याला कवटाळायची, आणि हे बाजूला कमरेवर हात ठेवून बघत असायचे. तोंडावर असं काही असायचं की मला नजर फिरवावीशी वाटायची.

“इथं सगळ्यांना न्यायला येतात,” एकदा ते मला म्हणाले.

“मुकादम सोडून,” मी म्हटलं.

“मुकादमाला आपण आहोत,” ते म्हणाले.

‘आपण’ म्हणाले.

माझीही भीती कमी झाली होती. तिसऱ्या दिवशी मी मुकादमाच्या खोलीत एकटी गेले. त्यानं माझा हात हुंगला आणि जीभ लावली. मी हात धुतला नाही, एवढं सांगून ठेवते.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, हे आणि सुभेदार कागदपत्रांसाठी नाशिकला वकिलाकडे गेले. सकाळी दहाला गेले ते चारला येणार होते. मी एकटी राहिले. कुत्र्यांबरोबर एकटी राहिले आणि मला काही वाटलं नाही, याचंच मला कौतुक वाटत होतं. ऊन छान पडलं होतं. मी झाडलोट केली, हौद घासला आणि मग माझं लक्ष खोल्यांतल्या कपड्यांकडे गेलं.

प्रत्येक कुत्र्याच्या खोलीत एकदोन कपडे असायचे. फाटका बनियन, लहान मुलीचा शाळेचा स्कर्ट, नऊवारीचा तुकडा, रेघारेघांचा पायजमा. कुत्री त्यावर झोपायची. मला वाटलं, लोक जुनेर देत असतील अंथरायला. आणि त्यांना असा घामट, कोंदट वास मारत होता की बस. मी मनात म्हटलं, बाईमाणूस गेल्यावर घराचं असंच होतं. आता आपण आलोय. उद्या ही जागा आपली होणार. सुभेदार आणि हे येतील तेव्हा दोरीभर स्वच्छ कपडे वाळत असतील.

मी चुलीवर मोठं पातेलं चढवलं. सगळ्या खोल्यांतून एकेक कपडा गोळा केला. एकदोघं गुरगुरली, पण भाकरीचा तुकडा दिल्यावर गप्प झाली. मुकादम मात्र स्वेटर सोडेना. त्यानं हनुवटी त्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याजवळ बसले. भाकरीला गूळ लावून दिला. डोकं खाजवलं. “आत्ता देते रे परत,” म्हटलं, “नवाकोरा करून देते.” बऱ्याच वेळानं त्यानं हनुवटी उचलली. मी स्वेटर ओढून घेतला.

हातानं विणलेला होता, कोपरांवर दुसऱ्या लोकरीनं रफू केलेला. तो मी सोड्यात टाकला नाही. माझ्या ट्रंकेत रिठे होते. ते कोमट पाण्यात भिजवून, फेस काढून, त्यात स्वेटर हलक्या हातानं तीनदा धुतला. शेवटचं पाणी अगदी नितळ आलं. पिळला नाही. बाजेवर पंचा अंथरून त्यावर पसरून ठेवला, आकार जाऊ नये म्हणून. एवढ्या मायेनं मी माझी स्वतःची लोकरही कधी धुतली नव्हती.

चार वाजता दोघं आले. सुभेदार फाटकातच थांबले. दोरीकडे बघत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“ताई, सगळे धुतलेत?”

“सगळे,” मी म्हटलं. “दोन पातेली पाणी लागलं. केवढा मळ.”

“स्वेटरपण?”

“तो रिठ्यात.”

त्यांनी टोपी काढून हातात घेतली. बाजेपाशी गेले, वाकून स्वेटर उचलला आणि नाकाशी धरला. मग परत तसाच नीट पसरून ठेवला.

“चांगला निघालाय,” ते म्हणाले. आणि ह्यांच्याकडे वळले. “कुलथे, तुम्ही ताईंना सांगितलं नव्हतं?”

हे जमिनीकडे बघत होते. “राहून गेलं,” ते म्हणाले.

सुभेदारांनी मला बसवून सांगितलं, रागावून नाही. कुत्रं ठेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच गोष्ट मागायचे, अंगातला कपडा. धुतलेला नको, कालपर्यंत घातलेला. माणूस दिसत नाही तेव्हा कुत्रा नाकानं धीर धरतो. कपड्याला वास आहे तोवर त्याच्या लेखी माणूस शेजारच्या खोलीत आहे. “पहिल्याच दिवशी कुलथेंना सगळं दाखवत होतो, तेव्हा हे सांगितलं होतं. चूक माझी. तुम्हा दोघांना समोर बसवून सांगायला पाहिजे होतं. फौजेत हुकूम दोनदा देतात.”

“बाकीच्यांचं निभावेल,” थोड्या वेळानं ते म्हणाले. “त्यांचे लोक चार-आठ दिवसांत येतील.”

मुकादमाचं ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी मी स्वतः स्वेटर त्याच्या खोलीत नेऊन ठेवला. त्यानं हुंगला. बाही हुंगली, गळा हुंगला, नाकानं उलटा करून आतून हुंगला. मग माझ्याकडे बघितलं. स्वेटर ओलांडून तो दारापाशी गेला आणि फाटकाकडे तोंड करून बसला. पहिलं ताट त्याचं होतं. ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशीही राहिलं. ह्यांनी दूध आणलं, भाकरी कुस्करली, हातानं भरवायला बघितलं. त्यानं तोंड फिरवलं. दुपारी हे मला म्हणाले, “गायधनींच्या घरी जाऊ. एखादा कपडा असेलच.”

आम्ही बसनं नाशिकरोडला गेलो. रेल्वे क्वार्टर्सच्या मागे त्यांचा टुमदार बंगला होता. सून घरी होती, पस्तिशीची, बोलायला चांगली. आम्ही कोण, कुठून आलो, ते सांगितल्यावर तिनं बसवलं, चहा टाकला.

“बाबांचे कपडे?” ती म्हणाली. “अहो, ते तेराव्यालाच धुवून वाटले. उरले ते बोहारणीला घातले. हा डबा त्यातलाच.” आणि तिनं त्याच स्टीलच्या डब्यातून आमच्यापुढे चिवडा काढला.

“मफलर असेल,” हे म्हणाले. “थंडीचा वापरत असतील.”

“नाही हो.”

“उशीची खोळ? अंथरुणातलं काही? मुंबईच्या दवाखान्यातून आलेली पिशवी?”

मी ह्यांच्याकडे बघत राहिले. दोन वर्षांत परक्या माणसाशी ते एवढं बोलले नव्हते.

“सगळं धुतलं हो काका,” ती बिचारी ओशाळून म्हणाली. “माणूस गेल्यावर आधी तेच करतात ना? सुतक फिटलं की घरातला चिंधीन् चिंधी धुवायची. तुमच्याकडे नाही का धूत?”

ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “धुतात,” ते म्हणाले.

बाहेर आल्यावर आम्ही बसथांब्याकडे निघालो. कोपऱ्यावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, बैलाच्या गळ्यातली घुंगरं वाजत होती. तिथं हे थांबले.

“दहाव्याला मी घाटावरून घरी आलो,” ते म्हणाले. “दोरीवर सगळं वाळत होतं. तिचा पिवळा फ्रॉक, शाळेचा पिनो, मोजेसुद्धा. आणि गोधडी.”

मला आधी कळलंच नाही, ते कशाबद्दल बोलतायत. कळलं तेव्हा मी त्यांची बाही धरली.

“अहो, रीत असते. आत्याबाई म्हणाल्या...”

“गोधडी मी कपाटाच्या मागे ठेवली होती. घडी करून, वर्तमानपत्रात गुंडाळून. तू ती शोधून काढलीस.”

“मला वाटलं मागे पडली असेल.”

“वर्तमानपत्रात गुंडाळून पडेल?”

त्यांचा आवाज चढला नव्हता. गुऱ्हाळवाल्यानं आम्हाला गिऱ्हाईक समजून दोन पेले धुवायला घेतले होते.

“तुम्ही बोलला का नाहीत?” मी म्हटलं. “ठेव म्हणाला असता तर ठेवली असती. दोन वर्षांत एकदाही नाही बोललात. आणि आता त्या कपड्यांचंही तुम्हाला माहीत होतं, तेही नाही बोललात.”

“काय बोलणार होतो?” ते म्हणाले. “घरात चाळीस माणसं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या मी. पोरीच्या अंथरुणाचा वास घ्यायचाय म्हणून सांगू?”

मी त्यांना सांगितलं की त्या दिवशी मी पहाटे चारला धुवायला बसले ते दुपारी उठले. सांगितलं की हात थांबले असते तर मी त्या दगडावरच डोकं आपटून घेतलं असतं. गोधडी मी वर्तमानपत्रातून सोडवली तेव्हा मला दिसलं होतं की ती कुणीतरी मुद्दाम ठेवलीय. दिसलं होतं, आणि तरी धुतली. कारण ती घरात तशी राहिली असती तर मी रात्रंदिवस तिच्यात तोंड खुपसून बसले असते आणि परत उठले नसते. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

ते ऐकत होते. “ठाऊक आहे,” एवढंच म्हणाले. मग गुऱ्हाळवाल्याला म्हणाले, “दोन रस द्या. बर्फ नको.” आम्ही रस प्यायलो आणि बस धरली.

आठ दिवसांचे बारा झाले. ढोरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, वय झालंय, हृदय थकलंय, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मुकादम दारापाशी बसायचा, मग आडवा व्हायचा, पण तोंड फाटकाकडेच. हे सबंध दिवस त्याच्या शेजारी असायचे. आता ‘येतील’ म्हणत नव्हते. नुसता पाठीवर हात. मी भाकऱ्या करत राहिले, तीस नाही, एकोणतीस पुरल्या.

बाराव्या दिवशी सकाळी कॅप्टनची बायको आणि दोन मुलं लॅब्रॅडॉरला न्यायला आली. कुत्र्यानं एकच दंगा केला, मुलं मातीत लोळली. मी चुलीपाशी बसून नजरेनं ह्यांना शोधत होते. ते फाटकापाशी नव्हते. मोटारीचा आवाज ऐकून ते उठले होते आणि मुलांकडे पाठ करून आत आले होते. माझ्यासमोर उभे राहून, काही करायचं म्हणून, चुलीतलं लाकूड मागेपुढे करत होते. मोटार निघून जाईपर्यंत करत राहिले.

ते परत गेले तेव्हा मुकादम गेला होता.

सुभेदारांनी आणि ह्यांनी मागच्या कुंपणाशी खड्डा खणला. मी विचारलं, स्वेटर बरोबर ठेवायचा का. सुभेदार म्हणाले, “ठेवा ताई, थंडी आहे.” मग हात धुऊन त्यांनी आम्हाला बाजेवर बसवलं आणि स्वतः दगडावर टेकले.

“वकिलाचा निरोप आलाय. कागद तयार आहेत,” ते म्हणाले. “जे झालं त्याचा तुमच्याशी संबंध नाही. तुमच्यासारखी माणसं मला मिळायची नाहीत. बोला, कधी जायचं?”

“हिला विचारा,” हे म्हणाले.

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या नखांत माती होती. मी ‘हो’ म्हटलं असतं तर ते कागदावर सही करून मोकळे झाले असते आणि आयुष्यभर पहाटे उठून कुत्री फिरवत राहिले असते. आणि रोज कुणीतरी आलं असतं, कवटाळून घेऊन गेलं असतं, आणि हे पाठ फिरवून चुलीपाशी आले असते. ही जागा मलाच जास्त हवी होती. देवाला मी नवस बोलले होते.

“नको भाऊ,” मी म्हटलं. “आम्हाला जमायचं नाही.”

ह्यांनी मान हलवली, हळूच, आणि ट्रंक भरायला उठले.

दुपारी आम्ही रस्त्यावरच्या बसथांब्यावर येऊन बसलो. ट्रंक दोघांच्या मध्ये. हे जाऊनही आता अकरा वर्षं झाली, पण तो थांबा मला अजून तसाच दिसतो. सिमेंटचा बाक, त्याचा एक कोपरा उडालेला, आणि समोर द्राक्षांच्या बागेला घातलेलं तारेचं कुंपण.

“प्रमिला,” हे म्हणाले. नाव घेऊन त्यांनी मला क्वचितच हाक मारली असेल. “तिच्या गोधडीला कसला वास यायचा गं? मला आठवत नाही. दोन वर्षं आठवून बघतोय.”

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे काही नव्हतं. मी शोधलं. जिवाच्या आकांतानं शोधलं. नाकात नुसतं रिठ्याचं पाणी येत होतं.

“खोबरेलाचा,” मी म्हटलं. “आणि पेन्सिलीच्या भुशाचा. गोधडीत बसून टोक करायची ना.”

ते बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिले. मला वाटलं, ओळखलं त्यांनी.

“आणि चिंचेचा,” ते म्हणाले.

“हो. उशीखाली लपवायची.”

“गाभुळलेली.”

“गाभुळलेलीच लागायची तिला,” मी म्हटलं.

बस आली. कंडक्टरनं दोनदा विचारलं, यायचंय का. आम्ही ती जाऊ दिली.